मात्सुयामा ते ओझू, समुद्राकाठच्या लोकलने

जपानच्या शिकोकू बेटावर मात्सुयामाहून ओझूला एक्सप्रेस आहे, पण ती १९८६ साली झालेल्या डोंगरातल्या मार्गाने बोगद्यांतून जाते. शिकोकूत येऊन समुद्रच नाही बघायचा तर काय उपयोग, म्हणून आम्ही योसान लाईनच्या जुन्या मार्गावरची डिझेल लोकल पकडली, एकच डबा आणि टीसी-बीसी कोणी नाही, सगळं ड्रायव्हरच बघतो.

वाटेत शिमोनादा स्टेशनला उतरलो. एक प्लॅटफॉर्म, एक छप्पर, बाकडी, समोर थेट समुद्र. मधे हायवे आहे पण तो फोटोत येत नाही, हीच तर गंमत! ऊन मरणाचं, तरी फोटोसाठी लोक शिस्तीत रांगेत उभे, आणि गाड्या मोजक्याच, त्यामुळे टोपी-पाणी घेऊनच जा.

परत चढताना दारातल्या मशीनमधून नंबरची चिठ्ठी ओढायची, मग पुढच्या बोर्डावर आपल्या नंबरखाली भाडं टॅक्सीच्या मीटरसारखं वाढत जातं, उतरताना चिठ्ठी आणि सुट्टे ड्रायव्हरशेजारच्या डब्यात टाकायचे. हजार येनची नोट असेल तर मोड आधीच करून ठेवायची, म्हणजे दारात खोळंबा होत नाही.

पुढे नागाहामाला १९३५ चा, वर उचलता येणारा लाल पूल आहे, अजून उघडतो म्हणे, आम्हाला बंदच दिसला. ओझूच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा खरं तर २००४ मधे नव्याने बांधलाय, पण अख्खा लाकडाचा, जुन्या पद्धतीने, त्यामुळे काँक्रीटच्या किल्ल्यांपेक्षा मला कितीतरी आवडला. खाली हिजी नदीत जून ते सप्टेंबर पाणकावळ्यांकडून मासे पकडतात, ते संध्याकाळनंतरचं बघायचं असेल तर परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.