बार्न डोअर ट्रॅकर: आडव्या भोकातली बर

माझ्या बार्न डोअर ट्रॅकरचा (बिजागरीने जोडलेल्या दोन प्लेट, मोटरने हळूहळू उघडत कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या) ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, जळाला. ‘आता फक्त वायरिंग उरलंय’ असं मागच्या वेळी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, तेच नडलं. अंजनेरीच्या पायथ्याशी ट्रॅकर मांडला, २० अंशांवरचा ध्रुव धुरकटातून कसाबसा सापडला, आणि पहिल्याच फोटोत मोटर कुरकुरून थांबली. घरी येऊन उघडलं, तर मोटरच्या दोन वायरींचं इन्शुलेशन ब्लेडने सोलल्यासारखं निघालेलं.

वायरींसाठी १२ मिमी प्लेटच्या कडेतून मारलेलं ६ मिमीचं आडवं भोक मधल्या २० मिमीच्या भोकात जिथे निघतं, तिथे आत बर, म्हणजे ड्रिलने बाहेर वळवलेली धातूची धारदार कड, उभी होती. बाहेरच्या कडांवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. कानशीला खडू चोळून घासलं, म्हणजे दातांत अल्युमिनियम भरत नाही आणि ओरखडेही उठत नाहीत. कडेवरून बोट फिरवावंसं वाटेल इतकी छान झाली होती. आत मात्र कुणी बघितलंय!

डीबरिंग नाइफचं (बर काढायच्या सुरीचं) वाकडं पातं तिथवर पोचतच नाही. (स्वस्तातली पाती घेऊ नका, दुसऱ्या भोकाला बोथट होतात.) मिनी ड्रिलला दगडी पॉइंट लावला, तो मिनिटभरात अल्युमिनियमने लिंपून गुळगुळीत झाला आणि नुसताच तापत बसला. बेंच ग्राइंडरच्या करड्या चाकावर अल्युमिनियम धरू नये म्हणतात ते याचसाठी. चाक भरतं, तापतं, फुटूही शकतं. मग कार्बाइड बर (नाव तेच, पण हे ड्रिलला लावायचं दातेरी टोक). एमआयडीसीतल्या एका दुकानदाराने ‘सगळ्याला चालतो’ म्हणून बारीक दातांचा गळ्यात मारला. अल्युमिनियमला मोठे, मोकळे दात लागतात. हा थडथडला आणि भोकाच्या तोंडाला एक खड्डा पाडून गेला. तो खड्डा आता कायमचा.

शेवटी कामाला आली ४ मिमीची पितळी सळई. एका टोकाला हॅकसॉने १५ मिमी खाच पाडली, त्यात ३२० नंबरच्या एमरी क्लॉथची पट्टी अडकवून फिरण्याच्या दिशेने गुंडाळली, वर दोन थेंब रॉकेल. हँड ड्रिलला लावून ६ मिमीच्या भोकातून आत घातली. मोठ्या भोकात निघाली की पट्टी फुलते आणि मागे ओढताना कड घासून गोल करते. दहा-बारा वेळा आत-बाहेर. मग कानातला बड आत फिरवला. कापसाचा एकही धागा अडकला नाही! तो बड मी बायकोला नेऊन दाखवला. तिने बडकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आता दुसऱ्या प्लेटलाही हीच सळई चालवायची असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, बर होऊच का द्यायची? आधी २० मिमीच्या भोकात अल्युमिनियम रॉडचा घट्ट तुकडा ठोकायचा आणि आडवं ड्रिल सरळ त्या तुकड्यात जाऊ द्यायचं. मागे आधार असला की धातूला बाहेर वळायला जागाच उरत नाही. तुकडा नंतर ठोकून काढायचा, कडेवर एमरीचा हलका हात.

म्हणजे अ‍ॅनोडायझिंगही (अल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं) पुढे ढकललं. तसंही धारदार कडेवर थर नीट बसत नाही, आणि ते खड्डेवालं तोंड मला आधी अर्धा मिमी गोल करायचंय. प्लेट उघडणारा आट्यांचा एम६ रॉड बिजागरीपासून २२८.५ मिमीवर आहे, त्याला हात लावणार नाही. नवा ड्रायव्हर मागवलाय, वायरींवर स्लीव्ह आणि भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कड झाकणारी कडी. अमावास्येला नऊ दिवस आहेत. २० मिमीचा रॉड मिळतो का, उद्या सातपूरला बघतो.