रोजकीर्द आणि खतावणी : आर.ई.एम.च्या ध्वनिमुद्रणांची नोंद, हप्ता चौथा

मागच्या हप्त्यात मी असे लिहिले होते की, आर.ई.एम. या अमेरिकी रॉक बँडच्या पंधराही स्टुडिओ अल्बमांची यादी पूर्ण झाली असून आता केवळ कॅसेटींचे डिजिटल रूपांतर उरले आहे. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. यादी पूर्ण झाली होती हे खरे. पण ती एकाच वहीत लिहिली होती आणि हे प्रकरण एका वहीत मावणारे नाही.

चूक सापडली ती 'क्रॉनिक टाउन'मुळे. पाच गाण्यांची ही ईपी, म्हणजे अल्बमापेक्षा लहान ध्वनिमुद्रिका, माझ्याकडे स्वतंत्र अशी कधीच नव्हती. १९८७ साली निघालेल्या 'डेड लेटर ऑफिस' या संकलनाच्या सीडीला ती शेवटी जोडलेली आहे. मी ती तिथेच ऐकत आलो आणि नोंद करतानाही तिला १९८७ च्या पानावर बसवून मोकळा झालो. जूनमध्ये सगळे अल्बम यादीच्या क्रमाने ऐकायला बसलो. १९८६ चा 'लाइफ्स रिच पेजंट' संपला, ज्यात मायकेल स्टाइप यांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो, आणि पुढच्या पानावरची ही ईपी लावली, तर तोच गायक एकाएकी गिटारींच्या आड जाऊन पुटपुटू लागला. वर्षभरात कोणी असा उलटा चालत जात नाही. पडताळून पाहिल्यावर उलगडा झाला : ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९८१ चे, मूळ प्रकाशन ऑगस्ट १९८२ चे, आणि १९८७ हे नुसते त्या सीडीचे साल.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर जमाखर्च लिहितो. व्यवहार कोणत्या तारखेला झाला हे रोजकीर्दीत लिहायचे आणि तो कोणाच्या खाती पडला हे खतावणीत चढवायचे, हे काम तीस वर्षे करूनही छंदाच्या बाबतीत मी नुसती रोजकीर्द लिहून स्वस्थ बसलो होतो, याची खरोखर लाज वाटली. हरिपूरच्या पेवांत पूर्वी हळद महिनोन्‌महिने जमिनीखाली पडून असे. सौद्याची तारीख म्हणजे हळदीचे वय नव्हे, हे आमच्याकडच्या हमालालाही कळते. म्हणून आता दुसरी वही घातली आहे. पहिलीत प्रकाशनाच्या तारखा आहेत तशा राहतील. दुसरीत प्रत्येक स्टुडिओचे स्वतंत्र खाते उघडले असून, कोणते गाणे कोणत्या खोलीत वाजवले गेले ते तिथे चढवतो आहे.

पहिले खाते अर्थातच नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथील 'ड्राइव्ह-इन' स्टुडिओचे. नाव भारदस्त असले तरी ते निर्माते मिच ईस्टर यांच्या आईवडिलांच्या घराचे गॅरेज होते. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी एप्रिल १९८० मध्ये एका जुन्या चर्चमधील वाढदिवसाच्या मेजवानीत पहिल्यांदा वाजवलेल्या या चौघांनी, म्हणजे स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी यांनी, वर्षभरातच या गॅरेजमध्ये 'रेडिओ फ्री युरोप' मुद्रित केले. हिब-टोन या चिमुकल्या कंपनीने १९८१ च्या उन्हाळ्यात त्याच्या पहिल्या खेपेत एक हजार प्रती काढल्या. पुढे 'मर्मर' या पहिल्या अल्बमासाठी हेच गाणे पुन्हा मुद्रित झाले आणि १९८८ च्या 'एपॉनिमस' या संकलनात मात्र जुनीच हिब-टोनची प्रत घेतली गेली. एका गाण्याच्या रोजकीर्दीत तीन नोंदी आणि खतावणीत दोन, असा हा हिशेब आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीसाठी निवडली तीही गॅरेजचीच प्रत. माझे मतही तिच्याच बाजूने आहे, कारण तिच्यातली घाई 'मर्मर'मध्ये नाही.

दुसरे खाते शार्लट शहरातील रिफ्लेक्शन स्टुडिओचे. आय.आर.एस. या ध्वनिमुद्रिका कंपनीने आधी स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर एक गाणे करून पाहायला लावले होते. त्यांनी ते असंख्य वेळा वाजवून घेतले आणि त्यावर सिंथेसायझर चढवला, तेव्हा मंडळी कंटाळून पुन्हा ईस्टर यांच्याकडे गेली आणि ईस्टर यांनी डॉन डिक्सन यांना सोबत घेतले. एप्रिल १९८३ मध्ये आलेला 'मर्मर' 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवला, तोही मायकेल जॅक्सन यांचा 'थ्रिलर' स्पर्धेत असताना. हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. पण 'वी वॉक' हे गाणे हेडफोन लावून ऐकले आहे का? मागे दूरवर मेघगर्जनेसारखा एक आवाज येतो. तो बिलियर्डच्या चेंडूंचा आहे. बेरी खेळत असताना ती टकटक मुद्रित केली आणि फितीची गती कमी करून गाण्याखाली घातली. हे कळण्यापूर्वी तो गडगडाट मी माझ्या जुन्या कॅसेट डेकच्या पट्ट्याचा दोष समजत होतो आणि त्या भरात एक चांगला पट्टा बदलूनही टाकला. 'रेकनिंग' (१९८४) याच खात्यावर आहे. त्याच्या वेष्टनाच्या कण्यावर 'फाइल अंडर वॉटर' असे छापलेले असते, तर 'डॉक्युमेंट'वर 'फाइल अंडर फायर'. म्हणजे कपाटात कुठे लावायचे याची सूचना बँडनेच दिलेली, आणि ती पाळायची म्हटली तर माझ्या दोन्ही वह्या निकालात निघतात.

'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' (१९८५) या अल्बमाबद्दल मी मागे कडवट लिहिले होते, ते आता सौम्य करतो. निक ड्रेक आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन यांचे निर्माते जो बॉइड यांच्यासोबत तो लंडनच्या लिव्हिंग्स्टन स्टुडिओत हिवाळा सरता सरता मुद्रित झाला. परका देश, थंडी, पाऊस आणि थकलेली मंडळी, असे त्या दिवसांचे वर्णन बँडनेच केले आहे. तो मी आजवर मे महिन्यात, पंख्याखाली बसून ऐकत होतो. यंदा जुलैत कृष्णेची पातळी चढत असताना, खिडकीबाहेर संततधार चालू असताना ऐकला आणि त्यातला तो ओलसर करडेपणा दोष वाटेनासा झाला. त्यानंतर इंडियानातील बेलमाँट येथील जॉन मेलनकॅम्प यांच्या स्टुडिओत डॉन गेहमन यांनी 'लाइफ्स रिच पेजंट' केला. स्टाइप यांना तोंड उघडून गायला लावले ते यांनीच. मग नॅशव्हिलच्या साउंड एम्पोरियममध्ये 'डॉक्युमेंट' (१९८७) झाला आणि स्कॉट लिट हे सहनिर्माते म्हणून आले, ते सहा अल्बम राहिले. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलेले बँडचे पहिले गाणे याच अल्बमातले. १९८८ चा 'ग्रीन' हा वॉर्नर या नव्या कंपनीसाठीचा पहिला अल्बम. त्याचे खाते मेम्फिसच्या आर्डेंट आणि न्यूयॉर्क राज्यातील बेअर्सव्हिल अशा दोन ठिकाणी फोडावे लागले, याखेरीज यंदा त्यावर नवे काम झालेले नाही.

आता 'आउट ऑफ टाइम' (मार्च १९९१). यंदाचा बहुतेक वेळ याच कॅसेटीवर गेला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होते. कॅसेटींचे खोके माळ्यावर असल्याने वाचले, परंतु नंतरच्या दमटपणाने काही फितींच्या कडांवर पांढरी बुरशी धरली. 'आउट ऑफ टाइम'ची फीत त्यातून सुटली होती, तरीही आवाज मात्र पांघरुणातून आल्यासारखा येत होता. फीत वाचणारे हेड आणि फीत ओढणारा पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, चुंबकत्व काढले, तरी फरक पडेना. अखेर लक्षात आले की फितीत काही बिघडलेले नसून माझ्या डेकच्या हेडचा कोन आणि ज्या यंत्रावर ही कॅसेट भरली गेली त्याचा कोन जुळत नव्हता. त्याला अ‍ॅझिमथ म्हणतात, आणि तो हेडशेजारच्या एका बारीक स्क्रूने बदलतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचे आणि वरचे स्वर सर्वांत लख्ख होतील तिथे थांबायचे, ही रीत आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच.

त्या संध्याकाळी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, घरी आले होते. त्यांना या संगीताशी काही देणेघेणे नाही. मी 'लूझिंग माय रिलिजन' लावून स्क्रू फिरवत होतो आणि ते चहा पीत बसले होते. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. कोन चुकलेला असताना जोडीतल्या दोन तारा मिळून एकच बोथट ठोका ऐकू येत होता. मी पाव फेरा दिला, थोडा मागे आलो, पुन्हा किंचित पुढे गेलो, तोच चाचांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "थांबा दिवाणजी, आता बोलली बघा." तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा केसभर सरकवायचा आणि स्वर उमलला की हात काढून घ्यायचा, हे ज्यांनी आयुष्यभर केले त्यांना अ‍ॅझिमथ हा शब्द सांगावा लागत नाही. दोन तारा वेगळ्या झाल्या होत्या. मी त्या जागी स्क्रूवर लाखेचा ठिपका दिला आणि दोन्ही बाजू २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर उतरवून घेतल्या.

या गाण्याची जन्मकथा आपल्यासारख्या हौशी माणसांना आवडावी अशी आहे. बक यांनी मँडोलिन नुकते हाती घेतले होते. टीव्ही पाहत ते वाजवत बसत आणि टेप चालू ठेवत. दुसऱ्या दिवशी ऐकताना शिकाऊ खडखडाटात मध्येच ही चाल सापडली. मुद्रण १९९० मध्ये बेअर्सव्हिलला झाले आणि तंतुवाद्यांचा भाग अटलांटा सिंफनीच्या वादकांनी अटलांटातच वाजवला, म्हणून खतावणीत ते दोन खात्यांवर चढते. अमेरिकेच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याचा व्हिडिओ करणारे तरसेम सिंग हे मूळचे जालंधरचे, हे मी दर हप्त्यात सांगतो आणि याही हप्त्यात सांगितले.

'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (ऑक्टोबर १९९२) ऐकताना एकाच शांत घरात बसून केल्यासारखा वाटतो. खतावणीने माझा तो समज मोडून काढला. बेअर्सव्हिल, न्यू ऑर्लिन्समधले डॅनियल लानवा यांचे किंग्जवे, मायामीचे क्रायटेरिया, शिवाय अथेन्स, अटलांटा आणि सिअ‍ॅटल : इतकी खाती उघडावी लागली. चार गाण्यांच्या तंतुवाद्यांची रचना लेड झेपलिन या बँडच्या जॉन पॉल जोन्स यांची आहे आणि इतक्या गावांचा माल एका पोत्यात बसला त्याचे बरेचसे श्रेय मी त्यांना देईन. अल्बमाचे नाव अथेन्समधल्या एका खाणावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतले आहे.

'मॉन्स्टर' (१९९४) बाबत एक नवा पेच आहे. स्कॉट लिट यांनी २०१९ मध्ये, पंचविसाव्या वर्षानिमित्त, त्याच मूळ फितींवरून सगळा अल्बम नव्याने मिक्स केला आणि वाद्यांखाली गाडला गेलेला गायकाचा आवाज वर काढला. खोली तीच, वाजवणारे तेच, माल वेगळा. तूर्त दोन्ही एकाच खात्यावर, दोन ओळींत लिहिले आहेत. मला जुनाच बरा वाटतो. आवाज दाबून ठेवण्यात त्या अल्बमाची मौज होती.

सर्वांत अवघड गेला तो 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' (१९९६). १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मंचावरच बेरी यांच्या मेंदूतील रक्तवाहिनीला इजा झाली, शस्त्रक्रिया झाली, आणि काही आठवड्यांनी तोच दौरा पुन्हा सुरू झाला. या अल्बमाची बरीच गाणी त्या दौऱ्यात साउंडचेकच्या वेळी आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रित झाली. एक वाद्यसंगीताचा तुकडा तर फिलाडेल्फियात कपडे बदलण्याच्या खोलीत वाजवला गेला. गायिका पॅटी स्मिथ यांच्यासह केलेले गाणे आणि आणखी काही सिअ‍ॅटलच्या स्टुडिओतली आहेत. उरलेल्यांसाठी स्टुडिओचे खाते कुठून आणणार? अखेर अडतीवर जे करतो तेच केले आणि 'फिरती' नावाचे खाते उघडले. चौघांनी मिळून केलेला हा शेवटचा अल्बम त्या पानावर आहे, आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत चांगला.

ऑक्टोबर १९९७ मध्ये बेरी बाहेर पडले. 'अप' (१९९८) मधल्या ड्रम मशीनची मला हळूहळू गोडी लागत आहे. 'रिव्हील' (२००१) आणि 'अराउंड द सन' (२००४) मी नोंदवले आणि पुढे गेलो. दुसऱ्याबद्दल तर बक स्वतःही फारसे चांगले बोललेले नाहीत. 'अ‍ॅक्सिलरेट' (२००८) मात्र थांबून ऐकावा. २००७ मध्ये डब्लिनच्या ऑलिंपिया नाट्यगृहात पाच रात्री त्यांनी तिकिटे लावून अर्धवट गाण्यांची तालीम लोकांसमोर केली आणि मग निर्माते जॅकनाइफ ली यांच्यासह स्टुडिओत जाऊन पस्तीस मिनिटांच्या आत अल्बम संपवला. नाट्यपंढरीत राहणाऱ्याला रंगीत तालमीला प्रेक्षक बसवल्याचे नवल वाटू नये, पण त्याचा परिणाम प्रत्येक गाण्यात ऐकू येतो. 'कोलॅप्स इनटू नाऊ'चे (मार्च २०११) मुद्रण इतर गावांबरोबर बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाले, आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी बँड विसर्जित झाला. तिथे रोजकीर्दीतली स्टुडिओ अल्बमांची नोंद थांबते.

खतावणीत अजून एक ओळ पेन्सिलीने लिहिलेली आहे. 'फेबल्स'च्या कॅसेटीची पहिली बाजू उतरली. दुसरीवर बुरशी असून तिसऱ्या गाण्यापाशी फीत हेडला चिकटते. जोर केला तर लेप निघेल, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद केली आहे. गणपतीत ढोलांमुळे ऐकून तपासणे शक्यच नव्हते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की डबा उघडेन आणि ती ओळ शाईने लिहिता आली तर पुढच्या हप्त्यात कळवीन.