सर्जा, अपडेट ८: जीभ सुटली!

काल घटस्थापनेच्या दिवशी, सकाळी पावणेदहाला, सर्जाने, म्हणजे माझ्या पाळलेल्या कॅमेलिऑनने (रंग बदलणारा परदेशी सरडा), स्वतःच्या जिभेने किडा टिपला. तब्बल ७३ दिवसांनी. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

जास्वंदीच्या पानावर मधल्या आकाराचा क्रिकेट (रातकिडा) ठेवला होता, सर्जाच्या तोंडापासून चार बोटांवर. रोजच्यासारखंच होणार असं धरून मी चिमटा घेऊन तयार होतो. त्याने आधी उजवा डोळा वळवला, मग डावा. दोन्ही डोळे समोर येऊन एका ठिकाणी थांबले. तोंड जरासं उघडलं, जिभेचं गुलाबी बोंड बाहेर आलं आणि तिथंच थबकलं. गेले दोन महिने गाडी इथंच अडत होती. बोंड बाहेर यायचं, सुटायचं नाही, आणि तो थकल्यासारखा तोंड मिटून घ्यायचा. काल मात्र ‘टप्’ असा आवाज आला आणि पान नुसतं हलत राहिलं. आई आतल्या खोलीत घट बसवत होती. हाक मारली तशी मातीच्या हातांनीच धावत आली. तोवर सर्जा निवांत चावत होता.

मागचे भाग वाचलेल्यांना सगळं माहीत आहेच. नव्यांसाठी एवढंच: सर्जा म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन, नर, साडेनऊ महिन्यांचा, परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद केलेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो दिवसाही डोळे मिटून बसायला लागला. डोळ्यांचे बुरूज आत गेले, यूरेट (विष्ठेसोबत पडणारा लघवीचा घट्ट भाग) पांढऱ्याचे गडद नारिंगी झाले, आणि वजन ७१ ग्रॅमवरून ५८.२ वर आलं. वजनासाठी कोल्हापूरच्या गुजरीतून सोनाराकडचा असतो तसला छोटा डिजिटल काटा घेतला, तो या छंदातला माझा सर्वांत चांगला खर्च. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन-तीन ग्रॅमची घट कळत नाही, आणि एवढ्याशा जिवाची घट वेळेत कळली तरच उपयोग.

अपडेट ५ ते ७ मध्ये मी काय काय केलं ते आता पुन्हा वाचलं तर वाईट वाटतं. प्रत्येक लक्षणाला मी वेगळा आजार समजत होतो. डोळे मिटलेत, म्हणजे डोळ्यांत काहीतरी गेलंय. म्हणून कोमट पाण्याचं मिस्टिंग (बारीक फवारणी) वाढवलं. फरक नाही. मग व्हिटॅमिन ए कमी पडत असेल, म्हणून मल्टीव्हिटॅमिनचं डस्टिंग (किड्यांना पावडर लावणं) दुप्पट केलं. ते तर उलट धोक्याचं होतं. ए यकृतात साठत जातं, जास्त झालं तर तेच विष होतं, आणि डॉक्टरांनी पहिल्याच बोलण्यात ते थांबवलं. जीभ सुटत नाही, म्हणजे डोळे खराब असल्याने अंतराचा अंदाज येत नाही, असंही मीच ठरवून टाकलं होतं. तुमच्यापैकी दोघांनी ‘पाय बघ, पाय’ असं लिहिलं होतं. ते मी मनावर घेतलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी.

पाय बघायला हवे होते. निरोगी कॅमेलिऑन फांदी पंजाने पकडतो. सर्जा कोपरापासूनचा हात फांदीवर टेकवून, जवळजवळ लोंबकळत चालत होता. १८ ऑगस्टला पोटाखालून फोटो काढला तेव्हा दिसलं की डावा हात मधेच बाकलाय. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी इथल्याच एका दवाखान्यात एक्स-रे काढला आणि पुण्यातल्या एक्झॉटिक प्राण्यांच्या डॉक्टरांना पाठवला. एक्स-रेमध्ये निरोगी हाड पांढरं ठळक दिसतं. सर्जाची मांडीची हाडं आजूबाजूच्या मांसातून जेमतेम वेगळी काढता येत होती. एमबीडी, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार. जबडाही मऊ पडलाय, त्यामुळे औषधासाठी तोंड जोर लावून उघडायचं नाही, मोडेल, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आणि मग जिभेचं कोडं आपोआप सुटलं. जीभ फेकणं हे स्नायूंचं काम, आणि स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं. रक्तात ते कमी पडलं की शरीर हाडांतून ओढून घेतं, म्हणून हाड मऊ होतं, आणि तरीही पुरत नाही तेव्हा पकड जाते, जीभ जाते. दोन महिने मी डोळ्यांच्या मागे होतो, आणि त्याला दिसत होतं सगळं. फक्त जीभ सोडायला ताकद नव्हती.

पण कॅल्शियम तर मी प्रत्येक खाण्याला लावत होतो! इथंच माझं डोकं आठवडाभर अडकलं. क्रिकेटमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी, हे पहिल्या दिवसापासून माहीत, म्हणून डस्टिंग कधी चुकवलं नाही. मात्र माझी पावडर डी-३ (कॅल्शियम अंगी लागायला हवं असणारं व्हिटॅमिन) नसलेली, साधी. ऊन मिळतंय, त्यातल्या यूव्हीबी किरणांनी त्वचेत डी-३ त्याचं त्याचं तयार होईल, हा हिशोब. तो हिशोब एप्रिल-मेमध्ये बरोबर होता, कारण तेव्हा पिंजरा गच्चीवर होता. जूनमध्ये पाऊस लागला तसा मी पिंजरा आत, काचा लावलेल्या गॅलरीत आणला. यूव्हीबीची ट्यूब आहेच वर, शिवाय काचेतून उजेड येतोय, असं म्हणून निश्चिंत राहिलो.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात असतो, माप घेतल्याशिवाय एक जॉब पुढे सरकत नाही. सर्जाच्या उजेडाचं माप मात्र एकदाही घेतलं नव्हतं. हे मला फार लागलं.

सांगलीचा आपला मित्र ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याचा सोलारमीटर ६.५ (यूव्ही मोजायचा मीटर) घेऊन आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. आकडे असे: गॅलरीत ऊन आलेलं असताना, काच बंद, यूव्हीआय (यूव्ही निर्देशांक) ०.०. तीच काच सरकवली, २.४. काच यूव्हीबी अडवते हे मी स्वतः नव्या लोकांना सांगत आलोय, आणि माझ्याच घरात काचेमागचा पिवळा उजेड बघून मला बरं वाटत होतं. मग ट्यूबखाली, बास्किंगच्या (ऊब घेत बसायच्या) फांदीवर मीटर धरला: ०.२. मित्र म्हणाला, वरची जाळी काढ. डेंग्यूच्या भीतीने पावसाळ्यात मी पिंजऱ्यावर मच्छरदाणीची नायलॉन जाळी दुहेरी घडी करून टाकली होती. ती काढली, ०.५. म्हणजे जाळीने अर्ध्याहून जास्त खाल्लं होतं, आणि जे उरलं तेही नावालाच, कारण ट्यूब चौदा महिने जुनी. डोळ्यांना ती पहिल्या दिवसाइतकीच लख्ख दिसते. दिसणारा उजेड टिकतो आणि यूव्हीबी आधी मरतं. त्या फांदीवर ३ च्या आसपास हवं होतं.

काच, जाळी, जुनी ट्यूब. यातलं एकच चुकलं असतं तर कदाचित त्याने रेटून नेलं असतं. त्यात पावसाने चौथी भर घातली. पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली त्या आठवड्यात आमच्याकडे वीज रोज चार-पाच तास जात होती, म्हणजे बास्किंग बल्बही बंद. नुसतं यूव्हीबी पुरत नाही, त्वचेत डी-३ पूर्ण तयार व्हायला ऊबही लागते, आणि खाल्लेलं पचायलाही. सर्जा २३ अंशांत दिवसचे दिवस बसून होता. महामार्गावर पाणी येईल या धास्तीने तेव्हा पुण्याला निघायचंही धाडस झालं नाही.

पाण्याची चूक वेगळी. हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर ८८ टक्के दाखवत होता, म्हणून मिस्टिंग मी दिवसातून एकदा, एका मिनिटावर आणलं होतं. हवा ओली आहे म्हणजे पोटात पाणी गेलं असं नसतं. त्याला पानावर थेंब दिसला पाहिजे, हलला पाहिजे, तरच तो चाटतो. आता मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी आणि तिचं चाक, वर पाण्याची बाटली, दोन सेकंदाला एक थेंब जास्वंदीवर. महागडे ड्रिपर विकत घेऊ नका, मी दोन वापरले, दोन्ही तुंबले. सलाईनच्या चाकासारखं बारीक नियंत्रण कशातच नाही. पाचव्या दिवशी यूरेट नारिंगीवरून साईच्या रंगाचे झाले, आणि गेले दोन आठवडे शुभ्र आहेत. या गोष्टीचा आनंद घरात कुणाला कळत नाही. तुम्हाला कळेल.

गेल्या पाच आठवड्यांत काय केलं ते थोडक्यात. नवी टी-५ एचओ प्रकारची यूव्हीबी ट्यूब, फांदीपासून २२ सेंटिमीटरवर, मीटरवर ३.१. मित्राने जायच्या आधी त्याच्याकडची नवी ट्यूब मला देऊन टाकली, तिची किंमत अजून द्यायचीय. कॉइलसारखे वळलेले छोटे बल्ब मात्र मी कायमचे सोडले. त्यांचा झोत एका मुठीएवढ्या जागेत पडतो, प्राणी जरा सरकला की अंधारात. डॉक्टरांनी दिलेलं पातळ कॅल्शियम ओठाच्या कडेला थेंबथेंब. मात्रा इथं मुद्दाम लिहीत नाही, ती वजनावर आणि एक्स-रेवर ठरते, कुणी आपल्या प्राण्याला अंदाजाने देऊ नका. सगळ्या फांद्या खाली आणल्या, तळाला जुनी गोधडी, कारण मऊ हाडांचा प्राणी पडला तर मोडतो. आणि रोज दोन वेळा चिमट्याने भरवणं. सुरुवातीला तो तोंडही उघडत नव्हता. किडा ओठाच्या कोपऱ्याला हलकेच लावून दहा-दहा मिनिटं थांबायचो. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या त्याने सगळ्यांत आधी घेतल्या. त्यांच्यात मुळातच कॅल्शियम चांगलं असतं, त्यामुळे मला दुप्पट समाधान.

एका पुरवठादाराबद्दल लिहायचंच आहे, नाव घेत नाही. त्याच्याकडून आलेल्या कॅल्शियमच्या डबीवर मुदतीच्या तारखेवर नवं लेबल चिकटवलेलं होतं. ओल्या कापडाने पुसल्यावर खालची तारीख दिसली, दोन वर्षांपूर्वीची. घेताना लेबलावरून नख फिरवून बघा.

आजचं वजन ६६.४. पंजाची पकड उजवीकडे चांगली, डावीकडे अजून ढिली. डावा हात बाकलेलाच राहणार, डॉक्टर म्हणाले हाड भरेल, सरळ होणार नाही. मी ते आता स्वीकारलंय. त्याला त्या हाताने चालता येईल अशा फांद्या देणं माझं काम. अंगठ्याएवढ्या जाडीची, खडबडीत सालीची पेरूची फांदी त्याला सर्वांत सोयीची जाते, गुळगुळीत बांबूवरून तो घसरतो.

पुढचा बेत असा होता की दिवाळीनंतर पिंजरा पुन्हा गच्चीवर न्यायचा. पण लिहिता लिहिता वाटतंय, पूर्ण हलवायला नकोच. ऑक्टोबरचं ऊन तापतं, आणि हा अजून चपळाईने सावलीत जाऊ शकत नाही. त्यापेक्षा उद्यमनगरातच ॲल्युमिनिअमच्या अँगलचा एक छोटा पिंजरा बनवतो, निम्म्या छपराला जास्वंदीची सावली, आणि सकाळी नऊ ते साडेनऊ फक्त तेवढाच अर्धा तास, मी शेजारी बसून. त्याच अँगलला खाचा पाडून आतल्या पिंजऱ्यासाठी वर-खाली होणारा ट्यूबचा स्टँडही होईल. आत्तापर्यंत मी फांदी हलवून अंतर जुळवत होतो. ट्यूब हलवणं किती सोपं! जसजशी ट्यूब जुनी होईल तशी एक-एक खाच खाली आणायची. रविवारी ड्रॉइंग टाकतो, मापं तपासून सांगा. ट्यूब आणि बास्किंग दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायची वायर मात्र आजच ओढली.

खाण्यात रेशीम अळ्या आणायचा विचार आहे. मऊ असतात, पाणी भरपूर, जबड्याला त्रास नाही. ओळखीचे एक शेतकरी तुतीचे पट्टे राखून आहेत, द्यायला तयार आहेत. अडचण एकच, रोग येऊ नये म्हणून अळ्यांच्या बेडवर जंतुनाशक पावडर धुरळतात. तसल्या अळ्या सर्जाच्या पोटात नकोत. म्हणून अंडीच आणून घरी तुतीच्या पाल्यावर वाढवायचं ठरवतोय. कुणी हे केलंय का?

अजून एक. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा उसाच्या बांधावर सापडलेला आपला देशी कॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, खोक्यात घालून घेऊन आला, ‘दादा, ह्यालापण तुमच्या सर्जाशेजारी ठेवा’ म्हणून. तो प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पाळता येत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच बांधावर गेलो आणि त्याला बाभळीवर सोडलं. मुलाने घरी येऊन सर्जाची चिकट जीभ, ड्रिपर, मीटरचे आकडे लिहिलेली वही, सगळं तासभर बघितलं. आता रोज शाळेतून आल्यावर क्रिकेटना गाजर आणि शेवग्याचा पाला तोच घालतो. गट-लोडिंगचं, म्हणजे सर्जाला देण्याआधी किड्यांना पौष्टिक खाऊ घालायचं, माझं काम कमी झालं.

दुसरा एक्स-रे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आहे. उद्या सकाळी क्रिकेट सहा बोटांवर ठेवून बघणार. सांगलीचा मीटर परत गेलाय. कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत कुणाकडे सोलारमीटर असेल तर नोव्हेंबरात दोन दिवस उसना हवाय, नव्या स्टँडच्या प्रत्येक खाचेवर आकडा लिहून ठेवायचा आहे.