दोन मीटरचा स्टॅक: एसडब्ल्यूआर उत्तम, संकेत मात्र गायब

माझ्या हॅम (हौशी) रेडिओच्या दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी मास्टवर एकावर एक अशा दोन यागी (एका दिशेला रोखलेल्या, आडव्या कांड्यांच्या अँटेना) आहेत, हाच तो स्टॅक. मागील नोंदीत त्यांतल्या वरच्या यागीच्या गामा मॅचच्या (केबल अँटेनाशी जुळवणाऱ्या कांडीच्या) डबीत पावसाचे पाणी शिरल्याचे लिहिले होते. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ती यागी खाली उतरवली, हिरवा गंज चढलेला एन कनेक्टर कापून नवा बसवला आणि डबीचे तोंड या वेळी जमिनीकडे राहील अशा बेताने अँटेना पुन्हा मास्टवर चढवली. १४४.३ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांची जुळणी सांगणारा आकडा, १ म्हणजे आदर्श) १.२ भरला, तेव्हा काम फत्ते झाले असे वाटले. त्याच संध्याकाळी समुद्रापलीकडे कुलाब्याच्या बाजूला राहणाऱ्या ओएमनी (हॅम मित्राला आम्ही असेच म्हणतो) एसएसबीवर (आवाज पाठवण्याच्या एका पद्धतीवर) साद घातली आणि एरवी एस ९ च्या वर, म्हणजे भक्कम असणारा त्यांचा आवाज जेमतेम गोंगाटातून डोके वर काढताना ऐकू आला. अलिबागहून तिथपर्यंतचे अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे आणि मध्ये बहुतेक सगळे पाणीच आहे, त्यामुळे हा मार्ग माझ्यासाठी मोजपट्टीसारखा आहे. तो असा दगा देत नाही.

पुढचे तीन आठवडे या एकाच कोड्याने खाल्ले. पहिला संशय रोटेटरवर (अँटेना फिरवणाऱ्या मोटरवर) गेला, कारण मास्ट घसरून दिशा चुकली असेल तर असेच घडते. पण पूर्ण फेरी मारून पाहिली तरी कोणत्याही दिशेला संकेत वर येईना. दुसरा संशय हार्नेसवर (दोन्ही यागी एकत्र जोडणाऱ्या केबलींवर) होता. वाचकांना आठवत असेल की दोन्ही यागींना ७५ ओहमच्या आरजी ११ केबलचे प्रत्येकी ११ पाव-तरंगलांबीचे तुकडे जोडलेले आहेत. केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने धावते, त्या हिशोबाने हा तुकडा ३.७७ मीटरचा होतो, प्रत्येक यागीचे ५० ओहम दुसऱ्या टोकाला ११२.५ ओहम दिसतात आणि दोन्ही समांतर जोडले की साधारण ५६ ओहम मिळतात. तुकडे उतरवून नॅनोव्हीएनएवर (केबल-अँटेना मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर) तपासले, तर दोन्हींच्या विद्युत लांबीत अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नव्हता. (एवढ्याशा किमतीत इतके विश्वासार्ह उपकरण आपल्या हाती आले आहे, ही आपल्या छंदातली फार मोठी गोष्ट आहे असे मी मनापासून मानतो.) तिसरा संशय टी जोडावर होता आणि तो बदलण्यासाठी आणखी एक चढाई झाली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणलेल्या स्वस्त कनेक्टरांचा मुलामा नखानेही निघत होता, म्हणून ते सगळे बाद केले. यापुढे कनेक्टर घेताना दोन पैसे जास्त मोजेन, पण टेफ्लॉन इन्सुलेशनचाच घेईन. संकेत मात्र होता तिथेच राहिला.

धागा हाती लागला तो आकाशातून. एका पहाटे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या १४५.८२५ मेगाहर्ट्झवरील एपीआरएस पॅकेट (छोटे डिजिटल संदेश) ऐकत होतो. माझ्या यागी क्षितिजाकडे रोखलेल्या असतात, त्यामुळे स्थानक उगवताना पॅकेट सर्वांत स्पष्ट यायला हवीत आणि ते वर चढू लागल्यावर विरत जायला हवीत. त्या दिवशी नेमके उलटे घडले: क्षितिजाजवळ काहीच नाही आणि पंधरा-वीस अंशांवर आल्यावर एकामागून एक स्वच्छ पॅकेट. मी वही ओढली. डीएल६डब्ल्यूयू या जर्मन हॅमच्या सूत्राने आपण ठरवलेले स्टॅकचे अंतर २.८ मीटर आहे. या अंतरावरच्या दोन अँटेना परस्परविरुद्ध कलेत (फेजमध्ये, म्हणजे एकीची लहर वर असताना दुसरीची खाली) चालल्या, तर क्षितिजावर दोघींचे संकेत एकमेकांना मारतात आणि सुमारे २२ अंशांवर ते पुन्हा एकत्र येतात. यागीचा स्वतःचा झोत वर जाताना क्षीण होत असल्याने प्रत्यक्ष शिखर त्याहून थोडे खाली भरते. आकडा पाहून अंगावर काटा आला.

मग प्रत्येक यागी एकटी जोडून कुलाब्याच्या ओएमकडून स्थिर कॅरिअर (आवाजाविना नुसती लहर) मागवला. वरची एकटी उणे ७१ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा, तितका संकेत क्षीण), खालची एकटी उणे ७२ आणि दोन्ही मिळून उणे ८६! दोन निरोगी अँटेना एकत्र आल्यावर एकटीपेक्षा चौदा-पंधरा डेसिबेलने खाली जातात, याचा कलेशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. एसडब्ल्यूआर मीटरला मात्र याची गंधवार्ता नसते, कारण त्याला जुळणी दिसते, कला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी खारा वारा सुटण्यापूर्वी सुरक्षा पट्टा बांधून टॉवरवर चढलो. यागी उत्तरेकडे रोखलेल्या होत्या. खालच्या यागीच्या गामाची कांडी बूमच्या (यागीच्या मधल्या लांब दांड्याच्या) पश्चिमेला होती, वरचीची पूर्वेला. डबीचे तोंड खाली करण्यासाठी मी ती यागी बूमभोवती अर्धा वळसा फिरवली होती, त्या वळशात डावे उजवे झाले आणि तिच्या प्रवाहाची दिशा उलटली. तीन आठवडे ती कांडी माझ्या डोळ्यांसमोर होती.

वरची यागी पुन्हा फिरवली असती तर डबीचे तोंड परत आभाळाकडे गेले असते, म्हणून खालचीच फिरवायची ठरवली. ती टॉवरच्या माथ्यापासून हातभर अंतरावर असल्याने काम सोपे वाटले होते, पण जस्ताचा मुलामा दिलेल्या यू क्लॅम्पचे नट खाऱ्या हवेने असे धरले होते की एक बोल्ट कापावाच लागला. आता सगळे क्लॅम्प स्टेनलेसचे आहेत आणि प्रत्येक आट्यावर ग्रीस आहे. ग्रीसशिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस चढवले की ते कायमचे चिकटते. भावाने खालून दोरी ताणून धरली, पाऊण तासात वळसा पूर्ण झाला, खाली येऊन कॅरिअर मागवला आणि पडद्यावर उणे ६९ उमटले. एकट्या यागीपेक्षा सरासरी अडीच डेसिबेल जास्त! कागदावर तीन मिळतात, हार्नेसचा ऱ्हास धरता अडीच म्हणजे पूर्ण दाम वसूल. ओएमनी माइकवर नुसते "वा!" म्हटले. तो उद्गार मी लॉगमध्ये लिहून ठेवला आहे.

यानंतर खाली तीन बँडची एचएफ बीम (लघुलहरींची दिशादर्शी अँटेना) बसवायची, असा बेत मागे मांडला होता. तो तूर्त पुढे ढकलतो. एक कारण वाऱ्याचे आहे: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माझा जुना मास्ट वाकला होता आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे तेव्हा डोळ्यांनी पाहिले, म्हणून दीड इंची सी क्लास पाइपावर आणखी भार टाकण्याआधी ताणाच्या तारांचा वरचा थर नव्याने बांधेन. दुसरे कारण ही नोंद लिहिता लिहिताच सुचले. विरुद्ध कलेतील जो झोत मला छळत होता, तोच स्थानक वर असताना हवा असतो. मग एका यागीच्या वाटेत अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे ६८.६ सेंटीमीटरचा तुकडा रिलेने आत-बाहेर करता आला, तर शॅकमधल्या (रेडिओच्या खोलीतल्या) एका बटणाने क्षितिज किंवा आकाश निवडता येईल. एचएफचे मोठे स्टॅक असेच चालवले जातात. बाजारात मिळणारे चांगले कोअ‍ॅक्स रिले ५० ओहमचे असतात, त्यामुळे ७५ ओहमचा हार्नेस काढून दोन समान ५० ओहम केबल आणि पॉवर डिव्हायडर (संकेत दोघींत वाटणारी नळीतली नळी) असा बदल करावा लागेल. आतून २२ मिलिमीटरच्या चौकोनी अ‍ॅल्युमिनियम नळीत एसीची अर्धा इंची तांब्याची नळी घातली, तर सुमारे ३७ ओहम मिळतात, जे दोन यागींसाठी लागणाऱ्या आकड्याच्या पुरेसे जवळ आहे. नळी उद्याच आणतो. अशी जोडणी कुणी १४४ वर करून पाहिली असेल, तर रिले मास्टवर उघड्यावर ठेवला की डबीत, आणि डबीत ठेवला असेल तर पाणी कसे रोखले, एवढे जरूर कळवावे.

दोन्ही गामा कांड्यांच्या टोकांना लाल रंगाचा पट्टा मारला आहे. जमिनीवरून दुर्बिणीने पाहिले तरी दोन्ही एकाच बाजूला दिसतात. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).