तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्याला आपली अर्धी गोळी

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो : “दादा, कुत्रं लंगडालंय. आमचीच पेनकिलर अर्धी करून घातली तर चालंल न्हवं?”

नाही चालत. विचारणाऱ्याचा जीव जनावरासाठी तुटत असतो, म्हणून नुसतं नाही म्हणून मी त्याला परत पाठवत नाही.

घराघरात असणारी इबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची गोळी घ्या. तिच्यात 400 मिलिग्रॅम इबुप्रोफेन असतं. दहा किलोच्या कुत्र्याला ती अख्खी दिली तर किलोमागे 40 मिलिग्रॅम झालं. किलोमागे 25 पासूनच जठरात व्रण पडू शकतात, आणि रोज दिली तर याहून बरीच कमी मात्राही पुरते. म्हणजे अर्धी करून भागत नाही. शरीरातल्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांना अडवून गोळी दुखणं थांबवते, तीच जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. त्यात काही औषधं कुत्र्याच्या अंगात फार रेंगाळतात. नॅप्रॉक्सेन ही पेनकिलर निम्मी उतरायला माणसात साधारण 15 तास लागतात, कुत्र्यात 70 हून जास्त.

मला खरी भीती वाटते ती “फरक पडला की!” या वाक्याची. लंगडणं थांबतं, कुत्रं दुखऱ्या पायावर पळू लागतं, आणि आत रक्त झिरपत असतं. मग उलट्या, खाणं बंद, डांबरासारखी काळी शी. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात. मांजराला तर एक गोळीही जिवावर बेतू शकते. आजोबांच्या गुडघ्याला लावलेलं डायक्लोफेनॅकचं जेलसुद्धा कुत्र्याला चाटू देऊ नका.

“पण जनावरांचे डॉक्टर मेलॉक्सिकॅमची पेनकिलर देतात की,” असंही कुणी म्हणतं. देतात, पण पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 आणि नंतर 0.1 मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला रोजचं एक मिलिग्रॅम; आपली गोळी साडेसात किंवा पंधराची. शिवाय ते आधी मूत्रपिंड कसं आहे, स्टेरॉइड चालू आहे का, हे बघतात.

गोळी दिलीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रिकामी स्ट्रिप घ्या, किती वाजता किती दिली ते लिहा आणि थेट पशुवैद्यांकडे न्या. तिथं संकोचानं काही लपवू नका, कारण पहिल्या काही तासांत करता येणारे उपचार नंतर करता येत नाहीत.