‘नाही रे’ हे दोन शब्द

आमच्या पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात वरच्या वर्गातील मुलांना ‘सर’ म्हणण्यास मनाई आहे. बाहेरच्या माणसाला हा नियम विचित्र वाटेल. पण अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत ज्यांनी जुने दिवस काढले आहेत, त्यांना या शब्दामागचा इतिहास ठाऊक असतो. मान खाली घालून, स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून ‘सर’ म्हणत उभे राहण्याची जी रीत होती, तिचा हा शब्द अवशेष आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ साली आले; त्या नियमांना धरून आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुले स्वतंत्र इमारतीत ठेवली जातात. त्या इमारतीत आम्ही सगळे ‘दादा’ असतो.

२०२४-२५ या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी-समुपदेशक म्हणून काम करत होतो. आम्ही एकूण सहा जण होतो. त्यांपैकी दोघे पहिल्या वर्षाच्या इमारतीत तळमजल्यावर राहत असू. उरलेल्या चौघांना फाटकावरच्या रजिस्टरमध्ये सही करून यावे लागे आणि रात्री नऊच्या आत बाहेर पडावे लागे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपले काही बिनसले आहे हे साधारण साडेदहानंतर बोलावेसे वाटते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. महाविद्यालयाचे अधिकृत समुपदेशन केंद्र तर अकरा ते चार या वेळात, म्हणजे नेमके तासांच्या वेळी उघडे असे, आणि त्याचे दार शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर होते. शिष्यवृत्तीच्या ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज का परत आला हे विचारण्यासाठी रांगेत उभी असलेली तीस-चाळीस मुले, आत कोण जाते हे निवांत पाहू शकत. तिथल्या समुपदेशक बाई अतिशय चांगल्या होत्या, परंतु त्या आठवड्यातून दोनच दिवस येत.

आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे मेसच्या पोळ्या, खोलीतल्या सोबत्याचे घोरणे, हरवलेले चार्जर आणि घरची आठवण हाच असतो. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. आम्हाला जुलैमध्ये दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले होते. देशात २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा त्यात पहिल्याच तासाला सांगितला गेला, आणि त्यानंतर बराच वेळ एकाच वाक्यावर खर्च झाला. ते वाक्य असे: ‘तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, तर मला ते योग्य माणसाला सांगावे लागेल.’ हे वाक्य बोलण्याच्या सुरुवातीला सांगायचे, मध्ये नाही आणि शेवटी तर नाहीच, असे बाईंनी आमच्याकडून घोकून घेतले होते.

प्रत्यक्षात आम्ही कोणीही ते सुरुवातीला सांगत नसू. मेसच्या कट्ट्यावर शेजारी येऊन बसलेल्या मुलाला आधी ते वाक्य ऐकवले, की तो पोलीस चौकीत आल्यासारखा सावध होतो, भाजीत मीठ जास्त असल्याचे सांगतो आणि उठून जातो. त्यामुळे आधी त्याला बोलते करायचे आणि गरज वाटली तर वाक्य सांगायचे, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली होती. ही सवय म्हणजे माझे कसब आहे असेही मला वाटत असे.

ती रात्र नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली, सबमिशनच्या आदल्या दिवसाची होती. अशा रात्री संपूर्ण इमारत जागी असते, कारण इंजिनीअरिंग ग्राफिक्सच्या शीट पुऱ्या करायच्या असतात. बहुतेक जण त्या ‘जीटी’ मारून पुऱ्या करतात. जीटी म्हणजे टेबलाची किंवा खिडकीची मोठी काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, तिच्याखाली बल्ब लावायचा, काचेवर मूळ शीट, तिच्यावर कोरी शीट, आणि खालून दिसणाऱ्या रेषा वर गिरवायच्या. मजल्यावर ज्याची शीट मूळ असते, म्हणजे ज्याने फळ्यावर ड्राफ्टर, म्हणजे रेषा आखण्याचे साधन, लावून वस्तूची प्रक्षेपणे (वेगवेगळ्या बाजूंनी दिसणाऱ्या आकृत्या) खरोखर काढलेली असतात, त्या मुलाला त्या रात्री राजाचा मान असतो. मात्र तो आपली शीट मास्तरांची सही झाल्याशिवाय हातातून सोडत नाही. ती फाटली, मळली किंवा तिच्यावर कोणाचा चहा सांडला, तर त्याचेच गुण जातात.

दुसऱ्या मजल्यावरचा हा राजा सोलापूर जिल्ह्यातून आलेला एक मुलगा होता. रात्री पावणेदहाच्या सुमारास त्याच्या खोलीतला सोबती माझ्याकडे आला. तक्रार करायला तो आला नव्हता, उलट तो खुशीत होता. ‘दादा, त्यानं सगळ्या शीट आम्हालाच देऊन टाकल्या, सही व्हायच्या आधीच. ड्राफ्टरपण म्हणाला ठेव तुझ्याकडं, परत देऊ नको.’ त्या मुलाला यात फक्त औदार्य दिसले होते. मला मात्र प्रशिक्षणातली ‘जवळच्या वस्तू वाटून टाकणे’ ही ओळ आठवली. प्रशिक्षणात दिलेली उदाहरणे घड्याळाची आणि गिटारची होती. सही न झालेली शीट ही त्याहून मोठी वस्तू असू शकते, हे अभियांत्रिकीच्या बाहेरच्या माणसाला कधीच उमगले नसते, आणि या एका गोष्टीचा मला आजही थोडा अभिमान आहे.

मी वर गेलो आणि त्याला म्हटले, ‘चल, मेसमध्ये चहा आहे का बघू.’ समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबर चालताना मुले जास्त बोलतात. मेस बंद झाली होती, पण काका पातेली घासत होते आणि त्यांनी आम्हाला उरलेला चहा गरम करून दिला. पहिली दहा मिनिटे तो काहीच बोलला नाही. मग त्याने कपाकडे पाहत विचारले, ‘दादा, कुणाला सांगणार नाही ना?’

मी म्हणालो, ‘नाही रे.’

त्या क्षणी मला ते वाक्य आठवले नव्हते असे मी म्हणणार नाही. ते आठवले होते, आणि ते सांगितले तर हा मुलगा मिटून जाईल अशी भीती वाटल्यामुळे मी ते गिळले.

तो बोलू लागला. गणिताच्या पहिल्या चाचणीत त्याला तीसपैकी सहा गुण मिळाले होते. त्याच्यासारखे पन्नास जण त्या इमारतीत होते आणि त्यांतले बहुतेक जण त्यावर विनोद करत होते. त्याची गोष्ट निराळी होती. त्याचे वडील एसटीमध्ये वाहक होते. जूनमध्ये सीईटीचा निकाल लागला, तेव्हा आगारातल्या सहकाऱ्यांनी आगाराच्या फाटकावर त्याच्या फोटोचा अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. दिवाळीला तो घरी गेला, तेव्हा एसटीतून उतरताना त्याला तो फ्लेक्स दिसला. पाच महिन्यांच्या पावसाने कोपरे फाटले होते आणि चेहरा निळा पडला होता. ‘दादा, तो अजून कुणी उतरवलाच नाही,’ असे तो म्हणाला. गुणांविषयी सांगताना त्याचा आवाज हलला नव्हता, तो इथे हलला.

मी त्याला सरळ विचारले, ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. आडवळणाने विचारले, तर मात्र उत्तरही आडवळणानेच येते. तो ‘हो’ म्हणाला. पुढचे दोन प्रश्न मी विचारले आणि त्यांची उत्तरे ऐकल्यावर ही गोष्ट आता आमच्या दोघांत राहू शकत नाही हे स्पष्ट झाले. मग अकरा वाजून गेल्यावर मी त्याला ते वाक्य सांगितले, जे पाऊण तास आधी सांगायचे होते.

तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला होता,’ आणि कप विसळायला घेऊन गेला.

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. समुपदेशक बाईंचा फोन लागला नाही, आणि आठवड्यातले दोन दिवस मोबदला मिळणाऱ्या व्यक्तीने रात्री फोन चालू ठेवावा अशी अपेक्षा करण्याचा आम्हाला हक्क आहे असे मला वाटत नाही. रेक्टर सरांचा फोन लागला. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘रॅगिंगचं काही नाही ना?’ आणि दुसरा होता, ‘त्याने लिहून काही ठेवलंय का?’ हे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत हे मला मान्य आहे. फक्त त्यांच्या आधी एक तिसरा प्रश्न असायला हवा होता. मग आम्ही १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक फिरवला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही शासकीय सेवा चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येते. आधी मी बोललो. पलीकडच्या बाई इतक्या संथपणे बोलत होत्या, की माझाच श्वास जाग्यावर आला. नंतर त्यांनी फोन त्याच्याकडे मागितला आणि त्याने तो घेतला. वीस मिनिटे तो मेसच्या दारात उभा राहून बोलत होता आणि मी ऐकू येणार नाही पण दिसत राहील इतक्या अंतरावर थांबलो होतो.

वडिलांना कळवणे भागच होते, कारण मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. परंतु वडील त्या रात्री मुक्कामी गाडीवर होते आणि गाडी ज्या गावी मुक्कामाला होती, तिथे रेंज नव्हती. आईला रात्री एकटीला हे सांगू नका, एवढी एकच विनंती त्याने केली आणि रेक्टर सरांनी ती मानली, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवले पाहिजे. ती रात्र आम्ही दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात काढली. सबमिशनची रात्र असल्यामुळे आजूबाजूला वीस-पंचवीस मुले जागी होती, काचांखाली बल्ब जळत होते, कोणीतरी सारखे रबर मागत होते. त्याला एकट्याला सोडायचे नाही ही अट कोणाला काही न सांगता आपोआप पाळली गेली. सोबत्याने ड्राफ्टर दुसऱ्या खोलीत देऊन टाकला होता, म्हणून मी माझा जुना ड्राफ्टर त्याला आणून दिला. तो माझ्याशी बोलत नव्हता, पण पहाटे तीनच्या सुमारास त्याने एका मुलाच्या शीटवरची चुकलेली प्रक्षेपरेषा दुरुस्त करून दिली.

वडील दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवरून परस्पर खाकी गणवेशातच आले. रेक्टर सरांनी ‘पाल्यास स्वेच्छेने घरी नेत आहे’ असा मजकूर असलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला, तो त्यांनी दोनदा वाचून सही केली. मुलगा सामान आणायला वर गेला होता, आणि व्हरांड्यात ते आणि मी दोघेच होतो. ते म्हणाले, ‘घरात कधी मार्कांवरून बोललो नाही हो आम्ही. मग झालं तरी काय?’

आणि मी त्यांना फ्लेक्सविषयी सांगितले.

हे सांगण्याची गरज नव्हती. जिवाला धोका आहे हे त्यांना कळले होते, डॉक्टरांकडे न्यायचे ठरले होते, त्या वाक्यातल्या ‘पण’ने मला जेवढी मुभा दिली होती तेवढी संपली होती. माझ्यासमोर एक दमलेला, भला माणूस उभा होता आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. ते देऊन मला बरे वाटले, एवढेच त्याचे कारण. ते बराच वेळ गप्प राहिले. ‘तो मी लावला नव्हता,’ असे एकदा म्हणाले, आणि मग, ‘पण रोज बघायचो,’ असे म्हणाले.

पहिली गोष्ट फोडल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. ती आज पुन्हा फोडावी लागली तरी मी फोडीन, फक्त वाक्य आधी सांगेन. दुसऱ्या गोष्टीचे काय करायचे ते मला कळलेले नाही. आमच्या मासिक बैठकीत मी हे सगळे सांगितले, तेव्हा सर्वांनी पहिल्या भागाचे कौतुक केले, मुलगा वाचला म्हणून अहवालात माझे नाव आले, आणि फ्लेक्सचा भाग कोणाला भागच वाटला नाही. एक सहकारी तर म्हणाला, की त्यामुळे वडिलांना मुलगा कळला, म्हणजे चांगलेच झाले. तसे झालेही असेल. पण ते वडिलांना कधी सांगायचे, किंवा कधीच सांगायचे नाही, हे ठरवणे त्याच्या हाती होते, आणि त्या आठवड्यात त्याच्या हाती फारसे दुसरे काही उरले नव्हते.

तो जानेवारीत परत आला. औषधे चालू होती, गणित राहिले होते, बाकीचे विषय सुटले होते. मधल्या काळात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, वसतिगृहात मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे त्यांत आहे. आमच्याकडे फलक लागले आणि बाईंच्या दोन दिवसांचे तीन दिवस झाले. केंद्राचे दार अजून शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोरच आहे. यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे, आणि नव्या मुलांना ते वाक्य अगदी सुरुवातीला सांगतो. पाचांपैकी तीन जण भाजीतल्या मिठाविषयी बोलून उठून जातात, आणि त्यांतल्या कोणाकडे सांगण्यासारखे खरोखर काही होते, ते मला कळत नाही.

गेल्या महिन्यात तो माझ्या खोलीच्या दारात आला होता. आता तोही दुसऱ्या वर्षाला, दुसऱ्या वसतिगृहात आहे. मी आत ये म्हटले, पण तो आला नाही. हातात माझा जुना ड्राफ्टर होता, पुसून स्वच्छ केलेला, आणि त्याचा कायम ढिला असणारा स्क्रू त्याने बदलून आणला होता. ‘सर, हा द्यायचा राहिला होता,’ असे म्हणून त्याने तो माझ्या हातात ठेवला.