लास वेगास: माफियांची हॉटेलं स्ट्रिपवर शोधू नका

माफिया बग्सी सीगलचं हॉटेल म्हणून स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, फ्लेमिंगोत खोली घेणार असाल, तर थांबा. २६ डिसेंबर १९४६ ला खोल्या तयार नसतानाच उघडलेल्या त्या हॉटेलची एक भिंतही आज उभी नाही. जुन्या बांधकामाचा शेवटचा भाग १९९३ मध्ये पाडला. बागेत लग्नाच्या चॅपलजवळ एक दगडी खांब आणि त्यावरची पाटी, एवढंच उरलंय. बाग फुकट आहे. कॅसिनोतून मागे जा, पाटी वाचा, निघा. दहा मिनिटं पुरतात.

फसगत पुढे होते. नकाशावर माफियांच्याच स्टारडस्ट हॉटेलची जागा जवळ दिसते, म्हणून लोक चालत सुटतात. अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे, पण पादचारी पूल दर चौकात वर चढवतात आणि मॉलमधून फिरवून खाली आणतात. जुलैत पारा चाळिशीच्या वर असतो, सावली नाही. आणि पोहोचल्यावर दिसतं काय? २००७ मध्ये सुरुंग लावून पाडलेल्या स्टारडस्टच्या जागी रिसॉर्ट्स वर्ल्ड या नव्या हॉटेलची काच. वाटेतल्या डेझर्ट इन हॉटेलच्या जागी विन हॉटेल. हा पट्टा साफ वगळा. दक्षिण टोकाचं ट्रॉपिकानाही ९ ऑक्टोबर २०२४ ला जमीनदोस्त झालं. १९५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माफिया म्होरक्या फ्रँक कॉस्टेलोवर गोळी झाडली गेली, तेव्हा त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर ६,५१,२८४ डॉलरचा आकडा होता. तो याच ट्रॉपिकानाच्या कमाईशी तंतोतंत जुळला.

खरं बघायचं ते डाउनटाउनला. स्ट्रिपवरून ड्यूस बस पकडा, २४ तासांचा पास घ्या. स्टुअर्ट अव्हेन्यूवरच्या १९३३ च्या जुन्या टपाल कचेरी आणि कोर्टाच्या इमारतीत माफियांचा इतिहास सांगणारं मॉब म्युझियम आहे. तीन तास हाताशी ठेवा. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाऊन खाली उतरत यायचं असतं. दुसऱ्या मजल्यावरचं कोर्ट सोडू नका: १५ नोव्हेंबर १९५० ला संघटित गुन्हेगारीचा तपास करणाऱ्या सिनेटर केफॉव्हरच्या समितीने याच दालनात सुनावणी घेतली. इथे येऊन बसलं की पायपिटीचा सगळा शीण उतरतो. माफिया कॅसिनोतून पैसा काढत तो ‘स्किम’ने, म्हणजे हिशेबात नोंद व्हायच्या आधीच काढलेली मलई. स्टारडस्टमध्ये तर स्लॉट मशीनची नाणी मोजायचा वजनकाटाच असा लावला होता की माल कमी भरे. उरलेली नाणी वहीत न येता बाहेर जात.

तिथून चालत एल कोर्तेझ गाठा. १९४१ चं हे हॉटेल १९४५ मध्ये सीगल, त्याचा माफिया साथीदार लॅन्स्की आणि मंडळींनी घेतलं होतं आणि जुना भाग अजून उभा आहे. राहायचं तर इथेच राहा. मात्र जुन्या खोल्यांना लिफ्ट नाही, जड बॅगा असतील तर बुकिंगआधी विचारा.

आता पैशांचं. रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीभाड्यावर हॉटेलच्या सोयींसाठी लावलेली सक्तीची आकारणी, हा निव्वळ जाच आहे: तरणतलावात पाय घाला न घाला, रोजचे चाळीस-पन्नास डॉलर, वर कर. मे २०२५ पासून एकूण किंमत आधीच दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तोच आकडा बघून तुलना करा. पार्किंग वेगळं. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर काय छापलंय ते बसण्याआधी वाचा. ‘६ ला ५’ असेल तर दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक (एक्का आणि दहा मोलाचं पान) लागला तर १२ मिळतात, ‘३ ला २’ असेल तर १५. रूलेच्या चाकावर तीन शून्यं दिसली तर तिथून उठा, कॅसिनोचा वाटा ७.६९ टक्के असतो. एका शून्याच्या चाकावर तो २.७० आहे.